कथा-कादंबरीलेखनातून व्यवसाय उभा करताना: संहिता, करार, हक्क आणि हिशेब

ॲमेझॉनचे ई-बुक वाचायचे यंत्र, किंडल, नोव्हेंबर २००७ मध्ये आले. २०१० मध्ये ॲमेझॉनने स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय दिला. २०१३ मध्ये पेंग्विन आणि रँडम हाउस हे दोन बडे इंग्रजी प्रकाशक एकत्र झाले. याच कंपनीने पुढे सायमन अँड शुस्टर विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा अमेरिकेतल्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तो व्यवहार अडवला. मोठ्या संहितांसाठी बोली लावणारे कमी झाले की लेखकांना मिळणारे ॲडव्हान्स, म्हणजे आगाऊ रकमा, घटतील, हा त्या खटल्यातला मुख्य मुद्दा होता. क्रमशः कथांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेले किंडल वेला फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदही पडले.

या उलथापालथीत लेखकाकडे विकण्याजोगी गोष्ट एकच राहिली आहे, ती म्हणजे हक्क. एका कादंबरीचे छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, क्रमशः प्रसिद्धी आणि पडदा (चित्रपट, मालिका) असे वेगवेगळे हक्क असतात. ते वेगवेगळ्यांना, ठरावीक मुदतीसाठी देता येतात आणि मुदत संपली की परत घेता येतात. दुकाने उघडतील, बंद पडतील. हक्क सुटे ठेवलेले असले तर दुसऱ्या दुकानात जाता येते, आणि एका सहीत सगळे देऊन टाकले असले तर त्या दुकानाबरोबर आपणही बसतो. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने मांडली आहे.

पायरी १: वर्षाचे शब्द मोजा

दिवसाला ५०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, वर्षातले ४८ आठवडे: १,२०,००० शब्द. यात ८०,००० शब्दांच्या कादंबरीचा पहिला खर्डा बसतो आणि तीन-चार दीर्घकथाही होतात. नोकरी सांभाळून हा वेग झेपतो. दिवसाला २,००० शब्दांचा संकल्प टिकवणे अवघड जाते, कारण एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी ४,००० शब्दांचे देणे उभे राहते. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, तो सोडून द्यायचा, हा नियम सुरुवातीलाच घाला.

वर्षाची वाटणी अशी करा: ३२ ते ३६ आठवडे कादंबरीचे नवे लेखन, उरलेल्यांत कथा आणि पुनर्लेखन. पहिला खर्डा संपला की तो किमान चार आठवडे उघडायचा नाही. त्या काळात कथा लिहा.

लांबीचे गणितही आधीच कळलेले बरे. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या ह्यूगो आणि नेब्युला या पुरस्कारांच्या विभागणीत ७,५०० शब्दांखाली कथा, १७,५०० पर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी मानतात. हे आकडे इंग्रजी शब्दांचे आहेत. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत मावतो. स्पर्धेची किंवा मासिकाची शब्दमर्यादा वाचताना हे ध्यानात असू द्या.

पायरी २: संहिता खरोखर तयार करा

पुनर्लेखन तीन फेऱ्यांत करा आणि त्यांचा क्रम मोडू नका. पहिल्या फेरीत फक्त रचना पाहायची. प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ लिहा: कुणाला काय हवे आहे, आड काय येते, शेवटी काय बदलते. ज्या प्रकरणाच्या ओळीत तिसरा भाग लिहिता येत नाही ते प्रकरण काढा किंवा शेजारच्यात मुरवा. दुसरी फेरी प्रसंग आणि संवादांची. तिसरी वाक्यांची, आणि ती मोठ्याने वाचूनच करायची. उलट क्रमाने गेलात तर ज्या प्रकरणाची वाक्ये आठवडाभर घासली तेच शेवटी कापावे लागते, आणि एवढे घासलेले कापवत नाही.

मग चार ते सहा वाचक. त्यांना “कशी वाटली?” असे विचारलेत तर “छान” एवढेच हाती लागते. त्याऐवजी तीन प्रश्न द्या: वाचन कोणत्या पानावर थांबवले? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले? कोणते पात्र कोण आहे हे विसरायला झाले? पाचांपैकी तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवले तर तिथे दुखणे आहेच. मात्र मूळ बहुधा त्याच्या दोन-तीन प्रकरणे आधी असते. शेवट पटत नाही अशी तक्रार आली की मधल्या भागात पात्राने घेतलेला निर्णय तपासा.

संहिता युनिकोडमध्येच टंकलेली हवी. जुन्या, बिगरयुनिकोड फाँटमधला मजकूर ई-बुकमध्ये गेला की निरर्थक चिन्हांची रांग होते. रूपांतर करून घेतलेत तरी रफार, जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे यांची एक स्वतंत्र तपासणी लागते.

पायरी ३: मार्ग पुस्तकागणिक ठरवा

“मी प्रकाशकाकडे जाणारा लेखक” किंवा “मी स्वतः काढणारा लेखक” अशी बिरुदे लावून घेऊ नका. मार्ग पुस्तकाचा असतो.

लेखनातल्या प्रयोगावर उभी असलेली आणि समीक्षा, पुरस्कार, ग्रंथालये यांतून पसरणारी एकटी कादंबरी प्रकाशकाकडे द्यावी. दुकानात आणि परीक्षणाच्या पानावर पोचण्याचे त्याचे रस्ते एकट्या लेखकाला मिळणे फार अवघड आहे. रहस्य, भय, प्रेम, अद्भुत अशा ठाशीव प्रकारात एकाच जगातल्या तीन-चार कादंबऱ्या डोक्यात असतील, तर स्वतः काढणे जास्त सोयीचे: पुढचा भाग कधी आणायचा हे तुमच्या हातात राहते आणि पहिल्या भागाची किंमत हवी तेव्हा उतरवता येते. कथा आधी मासिकांना द्या, एकवेळच्या प्रसिद्धीपुरत्या, आणि नंतर त्यांचा संग्रह करा.

लेखकाकडूनच छपाईचे पैसे घेऊन स्वतःला प्रकाशक म्हणवणाऱ्यांचा एक चौथा प्रकार आहे. पैसे देऊन सेवा विकत घेण्यात गैर काही नाही. मात्र पैसे लेखकाने द्यायचे आणि हक्क मात्र कंपनीने ठेवायचे, असा करार दिसला की तिथून उठा. खर्च तुमचा तर हक्क, फाइली आणि उरलेल्या प्रतीही तुमच्याच.

पायरी ४: संहिता पाठवणे

प्रस्तावपत्र एका पानाचे, २५० ते ३०० शब्दांचे असावे: पहिल्या परिच्छेदात पात्र आणि त्याच्यापुढचा पेच, दुसऱ्यात तो पेच कसा चिघळतो, तिसऱ्यात शब्दसंख्या, साहित्यप्रकार आणि याआधीची प्रसिद्धी. शेवट पत्रात सांगायचा नसतो. कथासारात मात्र तो सांगावाच लागतो. ५०० शब्दांच्या कथासारात शेवट दडवून “पुढे काय होते ते वाचूनच कळेल” असे लिहिणारा लेखक संपादकाचा वेळ खातो आणि आपली संधीही.

सोबत मागितले असेल तेवढेच द्या, साधारण पहिली तीन प्रकरणे किंवा ५० पाने. १२ पॉइंटचे अक्षर, दुप्पट ओळअंतर, चारही बाजूंनी एक इंच समास, पानक्रमांक. आवडते प्रकरण मधले आहे म्हणून मधलेच पाठवू नका. पहिली प्रकरणे कमकुवत असतील तर ती सुधारायची.

एकाच दिवशी चाळीस ठिकाणी पाठवण्यापेक्षा सहा ते आठच्या टप्प्यांनी पाठवा. पहिल्या टप्प्यातून कुणीही पूर्ण संहिता मागितली नाही तर दोष पत्रात किंवा पहिल्या दहा पानांत आहे. संहिता मागवून नंतर नकार येत असतील तर पत्र ठीक आहे आणि कादंबरी मध्यावर ढिली पडते आहे. हा फरक टप्प्याने पाठवणाऱ्यालाच कळतो. उत्तराला सहा ते बारा आठवडे लागतात, कधी येतच नाही. नोंदवहीत पाच रकाने पुरतात: कुठे, केव्हा, काय पाठवले, उत्तर, पुढची तारीख.

एजंट असेल तर देशातल्या व्यवहारावर १५ टक्के आणि परदेशी किंवा अनुवादाच्या व्यवहारावर २० टक्के दलाली रूढ आहे. ती आलेल्या पैशांतून कापली जाते. वाचनाची फी मागणारा एजंट टाळावा.

ईमेलचा पत्ता अक्षर-अक्षर तपासा. २०१६ ते २०२१ या काळात प्रकाशनविश्वातल्या लोकांची नावे लावून अप्रकाशित संहिता मागवण्याचे मोठे प्रकरण घडले. त्यात १६० हून अधिक बनावट डोमेन वापरलेली आढळली. रोमन लिपीतल्या एमऐवजी आर आणि एन शेजारीशेजारी ठेवले की घाईत फरक दिसत नाही, ही त्यातली एक युक्ती. कुणी अचानक स्तुती करून संहिता मागितली तर उत्तर त्या मेलला न देता संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर द्या.

पायरी ५: करारनामा, इथे घाई नाही

स्वीकारपत्र आल्यावर लेखक आनंदात करार उघडतो, रॉयल्टीचा आकडा पाहतो आणि सही करतो. पण सगळ्यात कमी गोंधळ त्या आकड्यातच असतो. बाकीची कलमे अशी वाचा.

*टक्के कशावर?* छापील किंमत १०० धरा. “छापील किमतीवर १० टक्के” म्हणजे प्रतीमागे १०. “प्रकाशकाला मिळालेल्या रकमेवर १० टक्के” म्हणजे, विक्रेत्याला ५० टक्के सूट दिली असेल तर, ५. आकडा तोच, पैसे निम्मे. इंग्रजी प्रकाशनात साध्या बांधणीच्या पुस्तकाला छापील किमतीच्या ७.५ टक्क्यांच्या आसपास आणि ई-बुकला प्रकाशकाच्या मिळकतीच्या २५ टक्के हे दर रुळलेले आहेत. ई-बुकची किंमत १०० असून विक्रीमंचाने ३० ठेवले तर प्रकाशकाकडे ७० येतात आणि लेखकाला १७.५०. स्वतः काढले तर ते ७० थेट तुमच्याकडे येतात, पण संपादन, मुखपृष्ठ आणि जाहिरात त्यातूनच भागवायची असते. जास्त सूट देऊन विकलेल्या प्रतींवर रॉयल्टी घसरते असे कलमही शोधा. सुटीची मर्यादा ५० टक्के लिहिली असेल आणि प्रकाशक नेहमीच ५५ टक्के देत असेल, तर पहिल्या पानावरचा दर नुसता शोभेचा.

*ॲडव्हान्स कसा फिटतो?* ॲडव्हान्स ही रॉयल्टीतली उचल. १५,००० चा ॲडव्हान्स आणि प्रतीमागे ७.५० रॉयल्टी असेल तर २,००० प्रती विकेपर्यंत पुढचा पैसा नाही. तो हप्त्यांनी मिळतो: सहीला, अंतिम संहिता स्वीकारल्यावर, प्रसिद्धीला. न फिटलेला ॲडव्हान्स परत मागता येणार नाही हे शब्दांत हवे. दोन पुस्तकांचा करार असेल तर दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवायला सांगा. एकत्र हिशेबात पहिल्या पुस्तकाची तूट दुसऱ्याच्या कमाईतून वळती होते.

*परतावा.* दुकानांना पुस्तके बऱ्याचदा परत घेण्याच्या बोलीवर दिली जातात, म्हणून प्रकाशक रॉयल्टीचा काही भाग राखून ठेवतो. हे रास्त आहे. पण किती टक्के आणि किती हिशेबकाळांपुरते याची मर्यादा नसेल तर राखीव रक्कम वर्षानुवर्षे राखीवच राहते.

*हक्क परत कधी?* या कलमावर सगळ्यात जास्त वेळ द्या. पूर्वी “आवृत्ती संपली आणि पुन्हा छापली नाही तर हक्क लेखकाकडे” एवढे पुरायचे. आता मागणीनुसार एक-एक प्रत छापता येते आणि ई-बुक कधीच संपत नाही, म्हणजे या कलमानुसार पुस्तक कायमच उपलब्ध. म्हणून आकडा मागा: लागोपाठच्या १२ महिन्यांत सर्व स्वरूपांत मिळून, उदाहरणार्थ, २०० पेक्षा कमी प्रती विकल्या गेल्या तर लेखी सूचनेनंतर ९० दिवसांत हक्क परत. त्याहून सोपे म्हणजे मुदतीचा करार, पाच किंवा सात वर्षांचा. संहिता स्वीकारल्यापासून १८ ते २४ महिन्यांत पुस्तक आले नाही तर करार रद्द आणि मिळालेला ॲडव्हान्स लेखकाकडेच, हेही लिहून घ्या.

*किती हक्क मागितले आहेत?* “आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांतले, जगभरातले हक्क” हे वाक्य आढळले की थांबा. प्रकाशक ऑडिओबुक स्वतः काढत असेल तर ऑडिओ हक्क द्यायला हरकत नाही, पण १८ महिन्यांत काढले नाही तर परत, या अटीवर. पडद्याचे हक्क पुस्तकाच्या प्रकाशकाला शक्यतो देऊच नयेत. त्यांचा व्यवहार वेगळ्या रीतीने चालतो: निर्माता आधी १२ ते १८ महिन्यांपुरते राखून ठेवण्याचे पैसे देतो, आणि प्रत्यक्ष खरेदीची रक्कम त्याच करारात ठरलेली असते. ती ठरलेली नसेल तर तो करार अर्धाच आहे.

उरलेली दोन कलमे थोडक्यात. पुढची संहिता आधी आम्हालाच, या कलमाला साहित्यप्रकार आणि दिवस, म्हणजे ३० किंवा ४५, यांची हद्द घाला. “याच्याशी स्पर्धा करील असे काहीही लिहिणार नाही” हे कलम मात्र कादंबरीकाराने काढूनच टाकावे.

मासिके आणि संकलने यांच्या बाबतीत एवढेच पाहा: प्रथम प्रसिद्धीचा हक्क, एका भाषेत, ठरावीक महिने अनन्य, मग परत. प्रताधिकार स्वतःच हस्तांतरित करण्याचा करार कथेसाठी करू नये. प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांत प्रताधिकार नोंदणीविना, लिहिताक्षणीच मिळतो. तो विकण्याआधी सोडून देऊ नका.

पायरी ६: स्वतः प्रकाशित करताना

खर्चाचा क्रम: आधी संपादन, मग मुखपृष्ठ, मग मांडणी, सगळ्यात शेवटी जाहिरात. पैसे थोडेच असतील तर जाहिरात वगळा, संपादन वगळू नका. भाषासंपादन संहितेवर होते. मुद्रितशोधन मात्र मांडणी झाल्यानंतरच्या पानांवर व्हायला हवे, कारण ओळी तुटणे, सुटलेले परिच्छेद, सरकलेली अवतरणचिन्हे हे दोष मांडणीतच जन्मतात. ही दोन कामे एकाच माणसाकडे दिली की त्याचे डोळे मजकुराला सरावलेले असतात आणि चुका निसटतात.

मुखपृष्ठ आधी १५० पिक्सेल रुंदीला लहान करून पाहा. वाचक ते पडद्यावर प्रथम त्याच आकारात पाहतो. शीर्षक वाचता येत नसेल तर चित्र कितीही देखणे असो, बदला. केडीपी, म्हणजे ॲमेझॉनचा स्वतः पुस्तक काढण्याचा मंच, त्याच्या ई-बुकसाठी २,५६० पिक्सेल उंची आणि १,६०० रुंदी योग्य. छापील प्रतीसाठी मुखपृष्ठाच्या कडेने ०.१२५ इंच जादा चित्र सोडावे लागते. कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची, जाडी पानांवरून काढतात: क्रीम कागदासाठी पानसंख्या गुणिले ०.००२५ इंच, पांढऱ्यासाठी ०.००२२५२. म्हणजे ३०० पाने क्रीम कागदावर ०.७५ इंच. मजकूर पक्का होण्याआधी मुखपृष्ठ पूर्ण करून घेतले आणि नंतर वीस पाने वाढली की कण्यावरचे नाव पुढच्या बाजूला घसरते. पानांच्या आतल्या समासाचेही तसेच: १५१ ते ३०० पानांना किमान ०.५ इंच, ३०१ ते ५०० ना ०.६२५. एक प्रत मागवून हातात घ्या, मध्यावर उघडा, आतल्या ओळी शिवणीत जात नाहीत ना ते पाहा, मगच विक्रीला लावा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, १३ अंकी असतो, १ जानेवारी २००७ पासून. प्रत्येक स्वरूपाला वेगळा लागतो. मंचाने दिलेला फुकट क्रमांक दुसऱ्या मंचावर चालत नाही. छापील पुस्तक अनेक ठिकाणी विकायचे असेल तर स्वतःचा क्रमांक घ्या.

केडीपीचा ७० टक्के दर डॉलरमधल्या विक्रीत २.९९ ते ९.९९ या किमतींपुरता आहे. त्याबाहेर ३५. केडीपी सिलेक्ट या योजनेत गेलात तर पुस्तक किंडल अनलिमिटेड या वर्गणीवर वाचायच्या सेवेत येते. त्यात जुलै २०१५ पासून पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. बदल्यात ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही आणि मुदत आपोआप वाढत राहते. इथे हमखास होणारी चूक: तीच कादंबरी पूर्वी ब्लॉगवर किंवा कथामंचावर क्रमशः टाकलेली असते आणि तशीच राहते. मंचाच्या लेखी तो अटभंग, आणि पुस्तक काढून टाकले जाऊ शकते. नाव नोंदवण्याआधी जुनी प्रकरणे उतरवा आणि शोधयंत्रात एखादे वाक्य घालून खात्री करा. छापील आणि ऑडिओ आवृत्त्यांना ही अट लागू नाही.

पायरी ७: क्रमशः आणि ऑडिओ

क्रमशः कथेला १,२०० ते २,००० शब्दांचे प्रकरण चांगले. पहिले टाकण्याआधी दहा-पंधरा प्रकरणे लिहून हाताशी ठेवा, कारण आजारपण आणि नोकरीतली धावपळ वाचकाला दिसत नाही, दिसतो तो चुकलेला वार. कथा अशा ठिकाणी टाकली की बरीच मासिके आणि काही प्रकाशक ती प्रसिद्ध झालेली मानतात. प्रथम प्रसिद्धीचा हक्क खर्ची पडतो. जी कादंबरी प्रकाशकाकडे न्यायची आहे ती इथे टाकू नका, त्याच जगातली वेगळी कथा टाका. मूळ फाइली स्वतःच्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी असाव्यात.

ऑडिओबुकमध्ये इंग्रजीत तासाला साधारण ९,००० ते ९,५०० शब्द धरतात. मराठीत स्वतः दहा मिनिटे वाचून आपला आकडा काढा. तयार होणाऱ्या प्रत्येक तासामागे निवेदन, काटछाट आणि तपासणी मिळून पाच-सहा तासांचे काम असते, म्हणून भाव ठरवताना स्टुडिओतला तास की तयार तास हे आधी स्पष्ट करा. ऑडिओबुकच्या एसीएक्ससारख्या मंचावर ध्वनीची पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या आत आणि पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० च्या खाली लागतो. घरच्या ध्वनिमुद्रणात फाइल नाकारली जाते ती बऱ्याचदा शेवटच्या अटीवर. पंखा आणि फ्रिज बंद करणे, आणि कपड्यांनी भरलेल्या लहान खोलीत बसणे, हा स्वस्तातला उपाय.

पायरी ८: वाचकांचे पत्ते स्वतःकडे

समाजमाध्यमावरचे अनुयायी त्या कंपनीचे असतात. ईमेलची यादी तुमची. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, कथा संपल्या संपल्या, नोंदणीचा दुवा द्या, आणि बदल्यात त्याच पात्रांची एखादी ३,००० ते ५,००० शब्दांची कथा. महिन्यातून एक पत्र पुरे. विचारल्याशिवाय कुणाचा पत्ता यादीत घालू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या नोंदी) आणि एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय सक्तीची केली आहे. फुकट ईमेलच्या पत्त्यावरून यादीला पत्रे पाठवलीत तर ती स्पॅममध्ये जाऊन पडतात. स्वतःचे डोमेन घ्या.

आणि यादीची प्रत दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवा.

पायरी ९: एआयचा प्रश्न

सप्टेंबर २०२३ पासून केडीपी विचारते की मजकूर, चित्रे किंवा अनुवाद एआयने तयार केलेला आहे का. तुम्ही लिहिलेल्या मजकुराची दुरुस्ती करायला साधन वापरले असेल तर ते वेगळे मानले जाते आणि सांगावे लागत नाही. मासिके अधिक कडक आहेत. क्लार्क्सवर्ल्डने फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा लोंढा आल्यावर कथा घेणेच काही काळ थांबवले होते. प्रत्येक ठिकाणची सूचना वाचा, एका मासिकाची परवानगी दुसऱ्याला लागू नाही.

अमेरिकेत निव्वळ यंत्राने केलेल्या कृतीला प्रताधिकार मिळत नाही, हे मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही उचलून धरले. ज्याचे हक्कच नाहीत ते विकणार काय? एआयने केलेल्या मुखपृष्ठालाही हेच लागू पडते.

करारात आता दोन वाक्ये मागा: लेखकाच्या लेखी संमतीविना मजकूर एआयच्या प्रशिक्षणाला देणार नाही, आणि ऑडिओ किंवा अनुवाद यंत्राने करायचा असेल तर आधी विचारणार. पुस्तकाचे हक्क पैशांत मोजले जातात याचा दाखला आहे: २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने पुस्तकांच्या चोरट्या प्रती उतरवून घेतल्याबद्दलच्या लेखकांच्या दाव्यात १५० कोटी डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे अंदाजे ३,००० डॉलर. पण त्यात अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ठरलेल्या मुदतीत नोंदलेलीच पुस्तके धरली गेली. अमेरिकेत पुस्तक विकले जात असेल तर तिथली नोंदणी वेळेत करावी.

पायरी १०: पैसा आणि हक्कांची वही

प्रकाशक बहुधा वर्षातून एकदा किंवा दोनदा हिशेब देतात आणि हिशेबकाळ संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी पैसे. केडीपी महिना संपल्यावर सुमारे ६० दिवसांनी देते. आज विकलेल्या प्रतीवर पुढच्या महिन्याचा खर्च काढायचा बेत म्हणून फसतो. परदेशी मंचांवर करविषयक प्रश्नावली (टॅक्स इंटरव्ह्यू) भरायची राहिली तर अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. दोन देशांत करविषयक करार असल्यास डब्ल्यू-८बेन या अमेरिकी करअर्जाने तो कमी होऊ शकतो. हे काम पहिल्या विक्रीआधीच उरकून टाका.

नोकरी कधी सोडायची, हा प्रश्न एका चांगल्या वर्षावर सोडवू नये. ॲडव्हान्स आणि पडद्याचे पैसे वगळा, फक्त जुन्या पुस्तकांची कमाई पाहा. लागोपाठ दोन वर्षे तिच्यातून घरखर्चाचा अर्धा भाग निघत असेल तर विचार करण्याजोगी स्थिती आली. एकाच मंचाकडून बहुतेक पैसे येत असतील तर तिसरे वर्षही थांबा.

सगळ्यात शेवटी वही. प्रत्येक कथा आणि कादंबरीला एक ओळ, आणि रकाने असे: छापील, ई-बुक, ऑडिओ, प्रत्येक भाषेचा अनुवाद, क्रमशः, पडदा, संकलन. प्रत्येक रकान्यात कुणाला दिले, कधीपासून, कधीपर्यंत, आणि परत मागण्याची अट. ज्या तारखेला हक्क परत मागता येतो त्याच्या तीन महिने आधीची आठवण दिनदर्शिकेत घाला. हक्क आपसूक येत नाहीत, लेखी मागावे लागतात. परत आले की त्या कथेला सहा महिन्यांत दुसरे घर शोधा: संग्रह, ऑडिओ, नवे मुखपृष्ठ, अनुवाद.

बर्न करारानुसार प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतो, बऱ्याच देशांत त्याहून जास्त. म्हणून या वहीची एक प्रत मृत्युपत्रासोबत असावी, खात्यांचे पासवर्ड कुठे आहेत त्याची नोंद असावी, आणि पुढे परवानग्या द्यायच्या की नाकारायच्या हे ठरवणाऱ्या एकाच व्यक्तीचे नाव. चार वारसांची संमती लागणारी कादंबरी कुणी अनुवादासाठी घेत नाही.